‘पॉमेरियन’ या नावाखाली वाढलेला आपला स्पिट्झ

मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर यांपैकी कोणत्याही शहरातील जुन्या वसाहतीत चौकशी केली, तर एक वाक्य हमखास ऐकायला मिळते : ‘आमच्याकडे पूर्वी पॉमेरियन होता.’ पांढराशुभ्र, कोल्ह्यासारख्या निमुळत्या तोंडाचा, पाठीवर वळलेल्या झुपकेदार शेपटीचा, दाराची घंटा वाजताच घर डोक्यावर घेणारा आणि आलेला पाहुणा ओळखीचा आहे असे कळताच त्याच्या पायाशी लोळण घेणारा हा कुत्रा. १९८० आणि १९९० च्या दशकांत तो मराठी मध्यमवर्गाच्या घराघरांत स्थिरावला होता. कोणाकडे तो मोती होता, कोणाकडे टॉमी. १९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ प्रदर्शित झाल्यानंतर अनेकांकडे तो टफी झाला.

गंमत अशी, की यांतील बहुतेक कुत्रे पॉमेरियन नव्हतेच. ते होते इंडियन स्पिट्झ. पडद्यावरचा टफीही याच जातकुळीचा. पॉमेरियन आणि इंडियन स्पिट्झ यांचे मूळ एक असले, तरी आज हे दोन निराळे कुत्रे आहेत. वजन, हाडपेर, केस, काटकपणा, प्रजनन अशा प्रत्येक बाबतीत त्यांच्यात अंतर पडलेले आहे. नावाचा हा घोळ वरवर निरुपद्रवी वाटतो. परंतु पिल्लू घ्यायला निघालेल्या कुटुंबाला तो महागात पडू शकतो. लहानपणीच्या आठवणीतला ‘पॉमेरियन’ मागायला गेलेल्या माणसाच्या हाती आज एक तर दोन किलोंच्या पुढे न जाणारे नाजूक खेळण्यातले पिल्लू पडते, किंवा साध्या स्पिट्झचेच पिल्लू पॉमेरियनच्या भावाने गळ्यात मारले जाते. दोन्ही प्रकारांत फसगत ठरलेली. म्हणूनच हा कुत्रा नेमका कोण, तो आपल्या घरांत एवढा का रुळला आणि त्याला नीट सांभाळायचे कसे, हे तपशिलाने पाहणे उचित ठरेल.

रखवालदाराचा वारस

‘स्पिट्झ’ या जर्मन शब्दाचा अर्थ टोकदार. टोकदार कान, टोकदार तोंड, दुहेरी केस आणि पाठीवर वळलेली शेपटी ही स्पिट्झ कुळाची ओळख. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर पॉमेरेनिया नावाचा प्रदेश आहे. तो आज पोलंड आणि जर्मनी या दोन देशांत विभागलेला आहे. पॉमेरियन हे नाव या प्रदेशावरून आले. जर्मनीत स्पिट्झ शेतावर, द्राक्षमळ्यांत आणि मालवाहू गाड्यांवर राखणीला असत. शिकारीमागे धावणे किंवा गुरे वळणे हे त्यांचे काम नव्हे. मालकाच्या चीजवस्तूपाशी थांबायचे, भटकायचे नाही आणि परका माणूस दिसला की ओरडून सावध करायचे, एवढेच त्यांच्याकडून अपेक्षित असे. आपल्या सदनिकेतील स्पिट्झ उद्वाहनाचा आवाज झाला तरी भुंकतो, पण दार उघडे राहिले तरी सहसा पळून जात नाही. त्याचे मूळ या जुन्या चाकरीत आहे.

इंग्लंडच्या राजघराण्यात या कुत्र्याचा प्रवेश तिसऱ्या जॉर्जची जर्मन पत्नी राणी शार्लोट हिच्यामुळे झाला. १७६७ साली तिने फीबी आणि मर्क्युरी ही जोडी आणवली. टॉमस गेन्सबरो या विख्यात चित्रकाराने १७७७ च्या सुमारास रंगवलेले पॉमेरियन मादी आणि तिच्या पिल्लाचे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. त्यातला कुत्रा पाहून आजचा पॉमेरियनप्रेमी बुचकळ्यात पडेल, कारण तो चांगला मध्यम आकाराचा, लांब तोंडाचा, भरदार प्राणी आहे.

त्याला लहान करण्याचे श्रेय, किंवा दोष म्हणा, राणी व्हिक्टोरियाकडे जातो. १८८८ साली इटलीतील फ्लॉरेन्सच्या मुक्कामात तिला हे कुत्रे आवडले आणि तिने ते सोबत आणले. त्यांतला तिचा लाडका मार्को सुमारे १२ पौंडांचा, म्हणजे साधारण साडेपाच किलोंचा होता. राणीने लहान कुत्रे पसंत केले, तेव्हा प्रदर्शनांत लहान कुत्र्यांना भाव आला आणि पैदासकारांनी प्रत्येक पिढीत अधिकाधिक लहान नर-मादी निवडण्याचा सपाटा लावला. २२ जानेवारी १९०१ रोजी राणीने अखेरचा श्वास घेतला, तेव्हा तुरी नावाचा तिचा पॉमेरियन तिच्या बिछान्यावर होता. पुढे ही घट चालूच राहिली. अमेरिकन केनेल क्लबच्या मानकानुसार आजच्या पॉमेरियनचे वजन ३ ते ७ पौंड, म्हणजे दीड ते सव्वातीन किलोंच्या आसपास असावे लागते.

आता आपल्याकडच्या स्पिट्झकडे पाहू. ब्रिटिश राजवटीत साहेबांच्या बंगल्यांतून भारतात आलेल्या स्पिट्झ कुत्र्यांपासून येथील वंश वाढला. त्यावर प्रदर्शनातल्या फॅशनचा दाब फारसा नव्हता. येथे निवड केली ती उन्हाने, पावसाने आणि रोगराईने. जो टिकला त्याची पिल्ले झाली. त्यामुळे लहान चणीच्या इंडियन स्पिट्झचे वजन आजही साधारण ५ ते ७ किलो भरते. म्हणजे मापाच्या दृष्टीने आपला मोती हा आजच्या विलायती पॉमेरियनपेक्षा व्हिक्टोरियाच्या मार्कोच्या अधिक जवळचा आहे! मोठ्या चणीचा स्पिट्झही आढळतो. त्याचे वजन १२ किलोंच्या पुढे जाते. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या यादीत इंडियन स्पिट्झला स्वतंत्र स्थान नाही. दुसरीकडे, ३० ऑगस्ट २०२० रोजी ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी देशी श्वानजातींचा गौरव केला, तेव्हा मुधोळ, राजापलायम, चिप्पीपराई, कोंबई ही नावे आली, स्पिट्झचे आले नाही. विलायतेला तो परका आणि देशी म्हणावा तर मूळचा जर्मन, अशी त्याची दोन्ही घरी उपेक्षा झाली आहे.

दोघांतील फरक

जाणकार डोळ्याला हा फरक लगेच कळतो. पॉमेरियनचे तोंड आखूड, कान इवलेसे आणि केसांत जवळजवळ बुडालेले, अंगावरचे केस इतके दाट की एकंदर आकार चेंडूसारखा दिसतो. स्पिट्झचे तोंड त्या मानाने लांब, कान मोठे व ठळक, पाय उंच आणि आतील लोकरीचा थर विरळ. पॉमेरियन नारिंगी, तपकिरी, काळा अशा कितीतरी रंगांत मिळतो. स्पिट्झ बहुधा पांढरा. तपकिरी व काळेही असतात, पण कमी. पॉमेरियन मादीला एका वेळी बहुधा एक ते तीनच पिल्ले होतात आणि बाळंतपण अडण्याचे, शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण मोठे आहे. स्पिट्झ मादीला अधिक पिल्ले होतात व ती सहसा विनासायास प्रसवते. किमतींतील तफावतीचे एक मोठे कारण हेच आहे. स्वस्त म्हणून स्पिट्झला कमअस्सल समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की येथे स्वस्ताई निरोगीपणातून आलेली आहे.

दीड-दोन किलोंच्या देहाची दुखणी वेगळी असतात. गुडघ्याची वाटी जागेवरून सरकणे, श्वासनलिकेच्या कडा ढिल्या पडून बदकासारखा खोकला येणे, दुधाचे दात न पडता पक्क्या दातांशेजारी तसेच राहणे, लहान पिल्लांच्या रक्तातील साखर एकाएकी उतरणे हे प्रकार पॉमेरियनमध्ये वारंवार दिसतात. सोफ्यावरून मारलेली उडीही त्याचा पाय मोडण्यास पुरेशी ठरते. स्पिट्झला यांतले काहीच होत नाही असे नव्हे, परंतु दुप्पट-तिप्पट वजनाच्या शरीराला असे धक्के सोसता येतात. ‘टीकप’ नावाने जी अतिशय लहान पिल्ले विकली जातात, ती कोणतीही मान्यताप्राप्त जात नाही. ते निव्वळ विक्रीचे नाव आहे. अशा पिल्लाच्या कवटीची टाळू कित्येकदा भरून आलेली नसते, याची कल्पना खरेदीदाराला कोणी देत नाही.

घराला मानवणारा प्राणी

स्पिट्झ आपल्याकडे लोकप्रिय झाला, त्यामागे कोणत्याही जाहिरातीचा हात नव्हता. तो आपल्या घरांत बसत होता, एवढेच. चाळीतील दोन खोल्या असोत की सरकारी वसाहतीतील सदनिका, पाच-सहा किलोंच्या या प्राण्याला जागा लागते ती एका गोणपाटाएवढी. सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस मिनिटांचा फेरफटका आणि घरातल्या घरात थोडी धावपळ एवढ्यावर त्याचे भागते. लॅब्रेडोर किंवा जर्मन शेफर्डला हाताला ओढ देण्याची जी ताकद असते, ती त्याच्यात नाही. त्यामुळे आजी-आजोबाही त्याला निर्धास्तपणे फिरवून आणतात. भूल देऊन करायच्या शस्त्रक्रियेपासून जंताच्या गोळीपर्यंत कुत्र्यांच्या औषधांची मात्रा बहुधा वजनावर ठरते. तेव्हा लहान कुत्रा खर्चालाही हलका.

याहून महत्त्वाचा त्याचा स्वभाव. काही जाती एकाच धन्याला मानतात. स्पिट्झ घरातील प्रत्येकाशी निराळे नाते जोडतो. स्वयंपाकघरात ज्या हातून पोळीचा तुकडा मिळतो त्या हाताशी लाचारी, शाळेतून येणाऱ्या मुलांशी दंगा, संध्याकाळी कामावरून परतणाऱ्याच्या पावलांची अचूक ओळख, आणि घरात कोणी आजारी असेल तर पलंगाखाली मुक्काम. सूचना तो चटकन शिकतो. मात्र त्याच्यात किंचित मानीपणा आहे. रागावून घेतलेले त्याला सोसत नाही, मारलेले तर मुळीच नाही. मार खाल्लेला स्पिट्झ भित्रा होतो, आणि भित्रा स्पिट्झ चावतो. ‘हा कुत्रा चिडका असतो’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिच्या मुळाशी पुष्कळदा शेपटी ओढणारी मुले आणि त्यांना न अडवणारे पालक असतात. सहा-सात वर्षांपुढील मुलांशी त्याचे उत्तम जमते. रांगत्या बाळाजवळ मात्र त्याला, खरे तर कोणत्याही कुत्र्याला, एकटे सोडू नये.

त्याचा दोषही सांगितला पाहिजे, आणि तो म्हणजे भुंकणे. राखणदाराच्या वंशजाकडून मौनाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे. पण त्याला ताब्यात ठेवता येते. पिल्लूपणीच, दोन-तीन वेळा भुंकून झाल्यावर शांत आवाजात ‘बस’ म्हणावे, तो थांबताच खाऊ द्यावा आणि हे घरातील सर्वांनी एकाच पद्धतीने करावे. आपणही त्याच्यावर ओरडू लागलो, तर तो आपण साथ देत आहोत असे समजून दुप्पट जोराने भुंकतो. दिवसाचे आठ-दहा तास घर बंद असणाऱ्या कुटुंबाने हा कुत्रा पाळू नये, असे स्पष्टपणे सांगावेसे वाटते. एकटेपणा त्याला मानवत नाही आणि त्याचा निषेध शेजाऱ्यांना ऐकावा लागतो.

हे सगळे गुण असूनही तो मागे का पडला? २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या पाठोपाठ चालणारा पग झळकला आणि शहरांतील पसंतीचे वारे फिरले. पाठोपाठ बीगल, शित्झू, गोल्डन रिट्रीव्हर आले. पांढरा स्पिट्झ मागच्या पिढीचा, जुन्या वळणाचा वाटू लागला. चपट्या नाकाच्या पगला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेणे जड जाते, हे पुष्कळांना पग घरी आणल्यानंतर कळले. लांब नाकाच्या स्पिट्झची ही अडचण कधीच नव्हती. मागणी घटली तशी नीट पैदास करणाऱ्यांची गोडीही घटली. उरलेल्या बाजारात काही विक्रेते स्पिट्झ आणि पॉमेरियन यांचा संकर करून पिल्ले ‘अस्सल पॉमेरियन’ म्हणून खपवतात. अशाने शंभर-सव्वाशे वर्षांत या हवेत घडलेला वंश संकरात विरून जाईल आणि त्याची कोणी नोंदही घेणार नाही, ही भीती अनाठायी नाही.

केस, दात आणि पोट

स्पिट्झच्या बाबतीत सर्वांत मोठा गैरसमज त्याच्या केसांविषयी आहे. एप्रिल उजाडला की ‘बिचाऱ्याला किती उकडत असेल’ म्हणून त्याचे केस मशिनने मुळापासून उतरवले जातात. हा उपकार नव्हे, अपकार होय. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा लांब, राठ थर ऊन थेट कातडीपर्यंत पोहोचू देत नाही. तो काढला की पांढऱ्या कुत्र्याची गुलाबी कातडी उघडी पडते, उन्हाने भाजते. शिवाय पुन्हा येणारे केस कित्येकदा ठिगळासारखे, विरळ येतात. करायचे ते एवढेच, की आठवड्यातून दोन-तीनदा मुळापर्यंत ब्रश फिरवून आतील मृत लोकर काढावी. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या मागे गुंता आधी होतो, तिकडे विशेष पाहावे. पोटाखालचे व पंज्यांतील केस कात्रीने थोडे आखूड करण्यास हरकत नाही. वर्षातून एक-दोनदा लोकर मोठ्या प्रमाणावर गळते. त्या काळात घरभर पांढरे पुंजके उडतात. काळ्या कपड्यांची हौस असणाऱ्यांनी याचा विचार आधीच करावा. आंघोळ तीन-चार आठवड्यांनी पुरे. माणसांचा साबण किंवा शाम्पू वापरू नये, आणि आंघोळीनंतर केस मुळापर्यंत वाळवावेत. पावसाळ्यात ओलसर राहिलेल्या लोकरीखाली बुरशी धरते आणि गोचिडाही दडून बसतात. गोचिडांमुळे होणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो. कुत्रा मलूल झाला, खाईना, हिरड्या फिक्या दिसू लागल्या, तर घरगुती उपायांत दिवस न घालवता पशुवैद्याकडे जाऊन रक्त तपासून घ्यावे.

दुसरे दुर्लक्षित अंग म्हणजे दात. लहान जबड्यात दातांची दाटी होते, त्यांवर कीटण चढते, हिरड्या सुजतात. सात-आठ वर्षांच्या स्पिट्झच्या तोंडाला दुर्गंधी येते ती वयामुळे नव्हे, या कीटणामुळे. पिल्लूपणापासून बोटाला मऊ फडके गुंडाळून किंवा लहान ब्रशने दात घासण्याची सवय लावली, तर पुढचा बराच त्रास टळतो. मात्र त्यासाठी कुत्र्यांची पेस्टच वापरावी.

आहाराविषयी जुन्या पिढीची पद्धत म्हणजे दूध-पोळी. त्यावर पुष्कळ स्पिट्झ वाढले हे खरे, पण ते चांगले पोसले गेले असे म्हणता येत नाही. अनेक कुत्र्यांना मोठेपणी दूध पचत नाही आणि नुसत्या पोळीतून पुरेशी प्रथिने मिळत नाहीत. उकडलेली अंडी, कोंबडीचे मांस किंवा मासे यांसोबत भात आणि भोपळा, गाजर यांसारख्या भाज्या द्याव्यात. मीठ-मसाला अजिबात नको. शाकाहारी कुटुंबांनी पशुवैद्याशी बोलून अंडी, पनीर किंवा चांगल्या प्रतीचे तयार खाद्य यांची योजना करावी. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल ही साखर असलेले पदार्थ कुत्र्यांना विषासमान आहेत. श्रावणातल्या प्रसादाच्या शिऱ्यातील मनुका ही अशीच सहज नजरेआड होणारी गोष्ट. पाच किलोंच्या कुत्र्याचे वजन एका किलोने वाढणे म्हणजे साठ किलोंच्या माणसाचे बारा किलोंनी वाढणे होय. म्हणून ‘एवढासा तुकडा’ देताना हे गणित लक्षात ठेवावे.

मादी पाळणाऱ्यांनी आणखी एका गोष्टीकडे काणाडोळा करू नये. पिल्ले नको असतील, तर तिची नसबंदी वेळेवर करून घ्यावी. नसबंदी न केलेल्या माद्यांमध्ये उतारवयात गर्भाशयात पू होणे आणि स्तनांत गाठी येणे हे आजार मोठ्या प्रमाणावर आढळतात. माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांत मादी जास्त पाणी पिऊ लागली, सुस्त झाली, तर ती तातडीची बाब समजावी. योग्य निगा राखल्यास स्पिट्झ बारा ते चौदा वर्षे सहज जगतो.

पिल्लू निवडताना

२०१७ च्या केंद्रीय श्वानपैदास व विपणन नियमांनुसार पैदासकाराने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणे बंधनकारक असून, आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. बाजारात महिन्याभराची पिल्ले सर्रास दाखवली जातात, ती घेऊ नयेत. आईपासून लवकर तोडलेले पिल्लू चावण्याची मर्यादा आणि इतर कुत्र्यांशी वागण्याची रीत शिकत नाही. पार्वोसारख्या जीवघेण्या रोगालाही ते आधी बळी पडते. पिल्लू पाहायला विक्रेत्याच्या जागी स्वतः जावे आणि त्याची आई दाखवण्याचा आग्रह धरावा. आई पाहिली की पिल्लाचा भावी आकार, केस आणि स्वभाव यांचा निम्मा उलगडा होतो. आई दाखवण्यास टाळाटाळ झाली तर परत फिरावे. ‘पॉमेरियन आहे’ असे सांगितले जात असेल आणि आई सहा किलोंची, लांब तोंडाची, पांढरी असेल, तर तो स्पिट्झ आहे असे समजून त्याच हिशेबाने किंमत ठरवावी. घेण्यास मात्र काही हरकत नाही!

लसीकरण सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि सुमारे चार महिन्यांचे होईपर्यंत ठरावीक अंतराने चालते. रेबीजची लस साधारण तिसऱ्या महिन्यात व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने नियमितपणे द्यावी. मुंबई, पुण्यासारख्या महापालिकांत पाळीव कुत्र्यासाठी परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीज लसीकरणाचा दाखला लागतो. गृहनिर्माण संस्थेतील वादांबाबत एवढे माहीत असावे, की भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार संस्थेला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर सरसकट बंदी घालता येत नाही. त्याचबरोबर कुत्र्याची घाण उचलणे, त्याला साखळीत फिरवणे आणि शेजाऱ्यांना उपद्रव होऊ न देणे ही पाळणाऱ्याची जबाबदारी आहे.

पिल्लूच हवे असा हट्ट नसेल, तर आणखी एक मार्ग मोकळा आहे. शहरांतील प्राणी निवारा केंद्रांत चार-पाच वर्षांचे स्पिट्झ बरेचदा येतात. कुणाचे मालक परगावी गेलेले, कुणाचे वारलेले, कुणाच्या घरात बाळ आलेले. शी-शूची सवय लागलेला, दात येताना चपला कुरतडण्याचे वय ओलांडलेला असा कुत्रा नोकरदार मुले दूर असलेल्या वयस्क दांपत्याला विशेष सोयीचा. तो आणल्यावर पहिले काही दिवस त्याला एकाच खोलीत, त्याच्या जुन्या पांघरुणासह राहू द्यावे, पाहुण्यांची रीघ लावू नये आणि निवाऱ्यात जे खाणे मिळत होते तेच आठवडाभर चालू ठेवून नवे खाणे थोडेथोडे मिसळावे. सुरुवातीला तो कोपऱ्यात बसून राहील, कदाचित भुंकणारही नाही. दोन-तीन आठवड्यांनी दाराची घंटा वाजल्यावर तो सर्वांच्या आधी दाराशी धावला, की तो घरात रुळला असे समजण्यास हरकत नाही.